आणखी एक ताट

सान ओनोफ्रेच्या चौकात समोरासमोर दोन खानावळी आहेत आणि दोन्ही एकाच मेलेल्या माणसावर चालतात.

पूर्वेची दोन्या चोनाची, म्हणजे चोनाबाईची. तिच्या दारावर पाटी आहे : "'असं मी जन्मात खाल्लं नाही!' – वकीलसाहेब सांतिबान्येस. इथं जेवले, आणखी मागितलं आणि गेले." त्यातलं 'गेले' रंगाऱ्यानं स्वतःच्या अकलेनं घातलं होतं, पण शेवट बरा होतो म्हणून चोनानं ते राहू दिलं. पश्चिमेची खानावळ फिदेन्सियोची. त्याच्याकडे वकीलसाहेब कधी जेवलेच नाहीत, पण असल्या किरकोळ गोष्टीनं खचणारा तो माणूस नव्हे. त्याची पाटी : "वकीलसाहेब इकडेच येत होते."

दोन्ही पाट्या खऱ्या. वकीलसाहेब चोनाच्या दारातून निघून फिदेन्सियोच्या दिशेनं चालले होते आणि मधल्या कारंज्यापाशी त्यांना गोळ्या घातल्या. निवडणूक तोंडावर होती आणि राष्ट्राध्यक्ष तेच होणार हे मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. पहिल्या सरकारी चौकशीनं ठरवलं, मारेकरी एक. दुसरीनं ठरवलं, तीन. तिसरीनं दोन्हींची सरासरी काढून दोन ठरवले आणि फाइल मिटली. तिन्ही चौकश्या चोनाकडेच जेवल्या.

वकीलसाहेब म्हणजे खेचरं हाकणाऱ्याचा मुलगा. आवाज असा, की त्यांचं भाषण चालू असताना चर्चची घंटा वाजली तर लोक घंटेला गप्प बसा म्हणत. एकच उणीव : चेहरे लक्षात राहत, नावं राहत नसत. म्हणून भेटेल त्याला ते 'कोंपाद्रे' म्हणत. आता ज्याच्या लेकराला तुम्ही बाप्तिस्म्याला हातावर धरता, त्याचे तुम्ही कोंपाद्रे होता, आणि ते नातं सख्ख्या भावापेक्षा जवळचं. परिणाम असा झाला की त्यांच्या अंत्यविधीला निम्मा देश 'आम्ही घरचे' म्हणून पहिल्या रांगेत बसायला भांडत होता.

चोना आणि फिदेन्सियो मात्र खरेखुरे कोंपाद्रे. चोनाच्या मुलीला त्यानंच हातावर धरलं होतं, म्हणून तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. त्यामुळे त्यांना भांडताना एकेरीवर येता येत नसे.

"कोमाद्रे, आदरानं सांगतो, तुमच्या मोलेला जळका वास येतो."

"कोंपाद्रे, तुमच्या पोसोलेला कसलाच वास येत नाही, देवाची दया."

खरी मारामारी मृतांच्या दिवशी व्हायची. त्या दिवशी चौकात साऱ्या गावाची एक वेदी मांडतात. झेंडू, मेणबत्त्या, तसबिरी, आणि प्रत्येक मेलेल्यापुढे त्याचा आवडता पदार्थ. आवडताच हवा. नावडता ठेवला तर आत्मा रुसतो. चोनाच्या सासऱ्यापुढे एकदा चुकून भोपळा ठेवला गेला, तर पाऊस नसताना घराचं छप्पर गळू लागलं. वकीलसाहेबांच्या तसबिरीपुढे चोना मोले ठेवायची : टर्कीचं मांस, वर सुक्या मिरच्या, तीळ आणि चॉकलेटचा दाट काळा रस्सा. ती वळली की फिदेन्सियो तिचं ताट बाजूला सरकवून मक्याच्या पोसोलेचा वाडगा पुढे करायचा.

यंदा मात्र निकाल लागणार होता. वकीलसाहेबांच्या विधवा पत्नी, दोन्या अमालिया, पहिल्यांदाच सान ओनोफ्रेला येणार होत्या. नवऱ्यापुढचा नैवेद्य त्या स्वतः ठेवणार होत्या.

"त्या ज्याचं उचलतील त्याची पाटी राहील," फिदेन्सियो म्हणाला. "दुसऱ्यानं उतरवायची. बोला, कोमाद्रे."

"शिडी तयार ठेवा, कोंपाद्रे."

बोलून गेली खरी, पण तीन दिवस चोना मिरच्या भाजता भाजता स्वतःही भाजत होती. गिऱ्हाइकं पाटी वाचून यायची, खायची आणि म्हणायची, "वकीलसाहेबांना आवडलं होतं, म्हणजे चांगलंच असणार." आपलं मोले खरोखर कसं आहे, हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळी भिस्त एका मेलेल्या माणसाच्या जिभेवर.

दोन्या अमालिया दुपारच्या बसनं आल्या. बारीकशा बाई, काळे कपडे, हातात ॲल्युमिनियमचा डबा. मागोमाग, ज्याला दारातून आडवं होऊनच उतरावं लागेल असा एक धिप्पाड म्हातारा उतरला. चोनानं त्याला ओळखलं. त्या दिवशी हाच वकीलसाहेबांशेजारी बसला होता, आणि यानंच स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन सांगितलं होतं, "साहेबांना आणखी एक ताट." आता मात्र तो उभा होता तो तिच्या स्वयंपाकघराकडे पाठ करून.

वेदीपाशी सारं गाव जमलं. डावीकडे मोले, उजवीकडे पोसोले. दोन्या अमालियांनी दोन्हींकडे पाहून नम्रपणे मान हलवली, मग डबा उघडून तसबिरीपुढे ठेवला. आत पांढरा भात होता. नुसता. मीठसुद्धा नाही.

"बाई," फिदेन्सियो कळवळून म्हणाला, "हा तर आजाऱ्याचा भात."

"ते आजारीच होते. पोटाचं दुखणं. लग्नापासून भात आणि फुलांचा काढा, याखेरीज त्यांच्या पोटात काही टिकलं नाही."

"पण इथं जेवले ना!" चोनाचा आवाज चिरकला. "सगळ्यांदेखत म्हणाले, असं मी जन्मात खाल्लं नाही!"

"खरंच नव्हतं खाल्लं," बाई म्हणाल्या. "गावोगाव तेच म्हणायचे. त्यांनी आयुष्यात एकदाही खोटं सांगितलं नाही."

"मग ताट कुणी रिकामं केलं?"

म्हाताऱ्यानं हात वर केला.

त्याचं नाव बाल्तासार. हुद्दा अंगरक्षकाचा, पण काम दुहेरी. जेवायला नाही म्हणणाऱ्याला या देशात कुत्रंही मत देत नाही. म्हणून वकीलसाहेब घास उचलून डोळे मिटून 'अहाहा' म्हणत, लोक भारावून एकमेकांकडे बघत, आणि तेवढ्यात बाल्तासार ताटांची अदलाबदल करी. आपलं त्यानं आधीच संपवलेलं असे, मग तो त्यांचं संपवी. प्रचार सुरू झाला तेव्हा तो सडपातळ होता.

"मग आणखी एक ताट..." चोना हळूच म्हणाली.

"माझ्यासाठीच मागितलं होतं, बाई." बाल्तासार जमिनीकडे बघत होता. "इतक्या गावांत जेवलो. कुठं दुसऱ्यांदा मागावंसं वाटलं नाही. इथं वाटलं. साहेब म्हणाले, मी जरा जाऊन येतो. मी म्हटलं, आलोच. आणि खिडकीशी आलो. तुम्ही पळी उचलली आणि बाहेर आवाज झाले. मला वाटलं, फटाके."

चोनाला ती पळी आठवली. रस्सा पायावर सांडला होता. डाग अजून होता.

"म्हणजे, कोमाद्रे," फिदेन्सियो पुटपुटला, "तुमच्या मोलेपायी देशाचा राष्ट्राध्यक्ष..." त्याच्या आवाजात दहशत होती. त्याहून जास्त हेवा होता.

"कोंपाद्रे, तुमच्याकडे कशाला येत होते ते विचारा आधी!"

"संडासाला," बाल्तासार म्हणाला. "चौकात तेवढा एकच होता."

फिदेन्सियोनं आपल्या पाटीकडे पाहिलं. तिच्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

चोनाला आता रडायला हवं होतं, निदान क्षमा तरी मागायला. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "पण कसं होतं? मोले?"

बायकांनी छातीवर क्रूस काढले. बाल्तासारनं मात्र गंभीरपणे विचार केला. "तीळ किंचित जास्त भाजले होते," तो म्हणाला, "आणि तेच बरोबर होतं. त्यानंतर मी कुणाच्या दारात दुसऱ्यांदा मागितलं नाही. मोले तर शिवलोच नाही."

दोन्या अमालिया त्याच्याकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं हा माणूस त्यांची बाजारची पिशवी उचलत होता, दाराशी उभा राहत होता, पण हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. मग त्या वेदीवरच्या मोलेच्या ताटाकडे वळल्या. "ते द्या इकडं," म्हणाल्या. "कशापायी झालं ते मला तरी कळू दे."

एका तरण्या पाद्र्यानं खुर्ची आणली. बाईंनी एक घास घेतला. सावकाश चावला. सारं गाव त्यांच्या जबड्याकडे बघत होतं. दुसरा घास. तिसरा. ताट पुसून झाल्यावर त्यांनी हातरुमालानं ओठ टिपले आणि बराच वेळ कारंज्याकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या. "बाल्तासार, मीही खिडकीशी गेले असते."

धिप्पाड म्हातारा तिथंच दगडी पायरीवर बसला आणि त्याचे खांदे हलू लागले. चोना आत गेली, पळीभर रस्सा जास्तच घातला आणि ताट आणून त्याच्यापुढे धरलं.

"घ्या. तुमचं राहिलेलं."

त्यानं बाईंकडे पाहिलं.

"खा आता," त्या म्हणाल्या. "मला मारून कुणाला काय मिळणार आहे?"

त्यानं खाल्लं, पण बाईंच्या खुर्चीला पाठ टेकवून आणि नजर चौकावर ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेदीवरचा भाताचा डबा लख्ख रिकामा निघाला. कुत्र्यांचं काम, असं पाद्री म्हणाला. वकीलसाहेब सान ओनोफ्रेत पहिल्यांदा जेवले, असं बाकी सगळे म्हणाले.

भात जिंकला होता, म्हणजे दोघंही हरले होते. चोना शिडीवर चढली, फिदेन्सियोनं खाली शिडी धरली आणि आदरानं सांगितलं की पडलात तर पोसोलेवर पडा, मऊ आहे. पाटी उतरली. फिदेन्सियोची राहिली. संडास अजून चालू होता आणि पाटीशिवाय लोकांना तो सापडला नसता.

चोनाच्या दारावर आता नवी पाटी आहे : "बाल्तासारनं आणखी मागितलं." वाटसरू विचारतात, हा बाल्तासार कोण? चोना म्हणते, आधी जेवा. मग स्वतःच मागाल, तेव्हा सांगते. तोवर तुमच्याबरोबर कुणी असेल तर त्याला नजरेआड होऊ देऊ नका.