वसुधा पाचवरची फाईल

आमच्या पलूसच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात आजवर पाच कॉम्प्युटर आले आणि पाचही वसुधा. पुण्याची कंपनी. आमच्या ह्यांना, म्हणजे अतिशय मगदूम यांना, अतिशय हे त्यांचं नावच, दुसरी कुठली चालायचीच नाही. सवत आणली असती तरी मी एवढी जळले नसते. वसुधा एकचा पडदा हिरवा, फ्लॉपी घातली की घरघरायची. दोनमध्ये रंग आले. तीनला सीडी लागायची. चारचा डबा निम्म्यानं बारीक झाला आणि पाचचा पडदा पाटीसारखा चपटा. पुढं कंपनीच बुडाली. त्या दिवशी हे नीट जेवलेसुद्धा नाहीत.

मशीन बदललं तरी फॉन्ट एकच, ह्यांनी स्वतः केलेला. बाजारातल्या फॉन्टात कऱ्हाडचा ऱ्ह नीट यायचा नाही, रफार डोक्यावर चढून बसायचा. आणि आमच्या पत्रिकांतले निम्मे पाहुणे कऱ्हाडचे! मग महिनाभर खपून ह्यांनी अक्षरं घडवली, कीबोर्डवरच्या कळा आपल्या सोयीनं हलवल्या आणि फॉन्टला लेकीचं नाव दिलं, ब्राह्मी.

पाच वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि ह्यांचा आवाज गेला. मी वसुधा पाच मागच्या खोलीत खाटेजवळ मांडली आणि पुढं दुकानात चारवर काम करायला लागले. काही हवं असलं की हे टाईप करायचे आणि चमच्यानं तांब्या वाजवायचे. मग मी जाऊन वाचायची.

त्या दिवशी राहीबाई पुढ्यात बसल्या होत्या. त्यांचा मुलगा शंभूराज पलटणीतून लग्नापुरता सुट्टीवर आलेला, पत्रिकांची घाई. तांब्या वाजला. पुन्हा वाजला. मी इथनंच ओरडले, "आवं, थांबा की जरा! हितं छपाई चाललीया, दिसत न्हाई का?"

तांब्या थांबला. बाराला लाईट गेली, तेव्हा मी आत गेले. पडदा काळा होता आणि हे गेले होते.

ह्यांना काय हवं होतं? चार वर्षं मला दुसरा प्रश्न नाही. भेटायला आलेल्यांना मी सांगायची, लाईट जाईपर्यंत छपाई चालू होती हो, उठता आलं नाही. सगळे म्हणायचे, तुझा काय दोष?

दोन वर्षांनी दोन्ही मशीनं कुरकुरायला लागली. मी फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि मशीनं भंगारात घातली. फायली घेतल्या म्हणजे सगळं घेतलं, असं मला वाटलं. फॉन्ट राहिला. पत्रिका आता मोबाईलवरच जातात, त्यामुळे तो मला लागलाही नाही.

यंदा ब्राह्मीनं लॅपटॉप पाठवला. जुन्या फायली त्यात भरताना इंग्रजी अक्षरांत एक नाव दिसलं, 'चंदन'. मला चंदनबाला न म्हणता चंदन म्हणणारं एकच माणूस होतं. तारीख त्याच दिवसाची, वेळ अकरा बावन्न. लाईटीचा भरवसा नाही म्हणून हे ओळीओळीला सेव्ह करायचे, ती सवय शेवटपर्यंत सुटली नव्हती.

फाईल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलरच्या खुणा. तशीच सांगलीला गेले. तिथं जयराज जुने फॉन्ट नव्यात बदलून देतो. त्यानं बराच वेळ खटपट केली.

"काकी, कशाचा कशाला मेळ न्हाई बघा. मूळ मशीन हाय का?"

"भंगारात घातलं रं."

त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, "तुमी ह्याच फॉन्टात टाईप करत हुता न्हवं? मग कुठल्या कळंला कुठलं अक्षर, त्ये सांगा की."

"त्वांडानं न्हाई सांगता यायचं, बाळा. बोटास्नी ठाव हाय."

"मग बोटास्नीच इचारा," तो म्हणाला आणि त्यानं मला त्या खुणांचा कागद छापून दिला.

घरी येऊन कागद पुढ्यात घेतला. एकेका खुणेची कळ दाबायची, बोटाला काय आठवतं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. डॉलर म्हणजे च. उघडा कंस म्हणजे द. पहिला शब्द माझंच नाव निघाला, तेव्हा मला रडू आवरेना. ह्यांनी मला शिव्या घातल्या असतील तर बरं, असं वाटत होतं. शिव्या मी हक्कानं खाल्ल्या असत्या.

संध्याकाळपर्यंत तीन ओळी लागल्या. आजारपणातही ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही.

'चंदन, दम लागतोय. जवळ येऊन बस.'

'बरं. होऊ दे तुझी छपाई.'

तिसरी ओळ दोनच शब्दांची होती.

'झाली का?'

झाली होती हो. साडेअकरालाच झाली होती. लाईट जाईपर्यंत मी राहीबाईंबरोबर चहा पीत बसले होते.