आष्ट्याला पाठवलेला सल्ला

क्रांतीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. क्रांती म्हणजे माझ्या भाच्याची, आष्ट्याच्या नानासोची मुलगी. बारावी झाली होती. कृषी व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीसाठी तिला खासगी महाविद्यालयात जागा मिळत होती. फी आणि वसतिगृह धरून चार वर्षांचे पाच लाख. तेवढ्यात दोन एकरांना पाइपलाइन आणि ठिबक होतं, असं घरात चाललं होतं. प्रवेशाची मुदत एकोणीस तारखेपर्यंत. ‘फोनवर तुम्ही हो हो म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितेय,’ असं सुरुवातीलाच होतं. शेवटी होतं, ‘पप्पा म्हणतात, मामा सांगतील तसं करू.’

त्या शेवटच्या ओळीनं मी गारठलो. वीस वर्षांपूर्वी नानासोनंही मला विचारलं होतं. मी कोरेगावच्या वाचनालयात ग्रंथपाल. चार पुस्तकं हाताखालून गेलेला माणूस, म्हणून विचारलं. मी वर्तमानपत्राच्या पुरवण्या चाळल्या आणि डी.एड. कर म्हणालो. त्यानं केलं. भरती एकदाच निघाली, ती चार गुणांनी हुकली, आणि पुढे वर्षानुवर्षं निघालीच नाही. नानासो ऊस आणि हळद करू लागला. मला तो कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बारा तारखेला बायको, बनुबाई, म्हणाली, “आवं, त्या पत्राला उत्तर देताय का त्याला पोरं-बाळं व्हायची वाट बघताय?”

“जरा माहिती काढतो. एक-दोन पुस्तकं...”

“पुस्तकात क्रांती न्हाई. त्या उत्कर्षाला इचारा की. ती हेच शिकलीया न्हवं?” बनुबाईला दोन मिनिटांत सुचतं ते मला तीन आठवड्यांत सुचत नाही.

उत्कर्षा लहानपणी वाचनालयात यायची. आता गावाबाहेर शेतकऱ्यांच्या कंपनीचं आल्याचं गोदाम सांभाळते. मला पाहताच ती म्हणाली, “काका, पुस्तक मागायला आलाय व्हय? ते आमच्या धाकट्या सिद्धूनं हरवलंय, मी आधीच सांगते.”

मी पोत्यावर बसलो आणि अर्धा तास हवामानावर बोललो. बाईमाणसाला पगार कसा विचारायचा? शेवटी तीच म्हणाली, “पाऊस झाला, ऊन झालं. आता खरं काय ते बोला.”

मी सांगितलं. ती हसली. “पहिला पगार चौदा हजार. आठ वर्षांनी आता चौतीस. फीचे पैसे भरून निघायला पाच वर्षं गेली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं अजून स्पर्धा परीक्षाच देत्यात. काही खत कंपनीत हायेत. आन् दोघींनी पदवी फक्त लग्नाच्या बायोडाटावर लावली.”

“म्हणजे नको?”

“थांबा की. व्यापारी एकाच गड्ड्यातलं आलं जुनं-नवं करून वेगळं काढायचे आणि नव्याला निम्मा भाव द्यायचे. आमच्या आप्पांच्या पंचवीस गाड्यांतल्या, गाडी म्हंजे पाचशे किलो, धा नव्यात जायच्या. आमी साठ जणांचा माल एकत्र केला, थेट पुण्याला गिऱ्हाईक धरलं. आता सगळ्याला एकच भाव. हे माझ्या पगारात दिसत न्हाई, पण घरात आलंच की.” मग तिनं विचारलं, “पोरीला विकण्यात गोडी हाय का? का नुसती पदवी पाहिजे?”

मला पत्रातली एक गोष्ट आठवली, ती सांगितली. गेल्या हंगामात क्रांतीनं रोज सांगलीचे भाव टिपून घेतले आणि बापाला हळद पंधरा दिवस थांबवून विकायला लावली होती.

“मग तिला घरात बसवून काय करताय?” उत्कर्षा म्हणाली. “पहिल्या सुट्टीत पाठवा माझ्याकडं. पोती मोजून घेते.”

घरी येऊन मी तीन कागद फाडले. चौथ्यावर उत्कर्षानं सांगितलेलं सगळं लिहिलं, चौदा हजारही आणि बायोडाटावाल्या दोघीही. फी भरून निघायला तिला पाच वर्षं गेली, तू सहा धर, असं लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘मला विचारशील तर जा.’

मग नानासोसाठी वेगळा कागद घेतला. ‘तुला सल्ला देताना डी.एड. झालेल्या एकाही माणसाला मी विचारलं नव्हतं. ती चूक माझी. या वेळी विचारून आलोय. तरी तुला पटत नसेल तर पोरीशी बोल, माझ्या शब्दावर जाऊ नको.’ हे केव्हाच लिहायला हवं होतं. लिहून झाल्यावर मात्र जेवण चवीनं गेलं. बनुबाईनं विचारलं, “आज भाकरी जास्त कशी?” मी आणखी अर्धी मागितली.

तेरा तारखेला सकाळी पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तोलून शिक्का मारला. स्पीड पोस्ट आहे, परवा पोचेल म्हणाल्या. मी पावती घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली.