चिंतनिकेची पीडीएफ

आम्हा शिक्षकांकडून आजवर काय काय भरून घेतलं आहे, त्याची यादी करायला बसले तर त्या यादीचीही एक लिंक येईल. नळ किती, झाडं किती, पोरांचं वजन, पोरांची उंची, झाडांची उंची. पण गेल्या ऑगस्टात वरून मनःशांती मागवली, तेव्हा मात्र मीसुद्धा हात टेकले.

प्रशिक्षण पोलादपुरातच होतं. विषय, शिक्षकांचं मानसिक आरोग्य. बाहेरून आलेल्या मॅडम फार गोड बोलत होत्या. रोज दहा मिनिटं वहीत लिहा, म्हणाल्या. दिवसभरात काय खुपलं, कशाचा राग आला, कशाने बरं वाटलं. अक्षर बघू नका, शुद्धलेखन बघू नका, ही तुमची चिंतनिका कुणीही पाहणार नाही. आम्ही बेचाळीस जणांनी एकसाथ माना डोलावल्या, कारण जेवणाची वेळ टळून गेली होती.

पुढच्या सोमवारी आमच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर मेसेज आला. ‘सर्वांनी आपापल्या चिंतनिकेच्या पाच पानांची पीडीएफ शुक्रवार दुपारपर्यंत लिंकवर भरावी. विलंब झाल्यास जबाबदारी संबंधितांची राहील.’

तासाभरात साहिल सरांनी तयार नमुना टाकला. ‘आज मी वर्गात आनंददायी वातावरण निर्माण केले. त्यामुळे मला प्रसन्न वाटले.’ अशी पाच पानं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मीही शाळेच्या कपाटातली एक निळी वही घेतली आणि मधल्या सुट्टीत पाच दिवसांचं प्रसन्न वाटणं उतरवून काढलं.

आता खरं सांगायचं तर मॅडमचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं होतं. प्रशिक्षणाहून आल्या दिवसापासूनच मी तशाच दुसऱ्या निळ्या वहीत खरोखरचं लिहायला लागले होते. संध्याकाळी कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला टेकून लिहायचं. पहिल्या दिवशी नुसतं लिहिलं, ‘कंटाळा आला.’ दुसऱ्या दिवशी पान भरलं. तिसऱ्या दिवशी डाळ करपली.

लिहिण्यासारखं काय होतं, तर घर. मी वैदेही, माहेरची महाडची, नोकरी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतल्या दोनशिक्षकी शाळेत. नवरा भरत महाडच्या कारखान्यात, शिफ्टची ड्युटी. आणि सासूबाई. दोन वर्षांपूर्वी गावी, कुडपणला, शेताच्या बांधावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही धड झाला नाही. आम्ही त्यांना पोलादपूरला घेऊन आलो, तेव्हापासून पुढच्या खोलीतली खाट हेच त्यांचं गाव. त्यांचं सगळं मी करते. अंघोळ, भांडं, कूस बदलणं. मी शाळेत असताना शेजारच्या रखमाकाकी दोनदा डोकावून जातात. थोरले दीर मुंबईहून फोन करतात आणि म्हणतात, वैदेही, तुझ्यामुळे आम्ही निर्धास्त आहोत. या वाक्याने माझ्या कमरेला काडीचा आराम पडत नाही.

यातलं कुणाजवळ बोलायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गावात माझं नाव आहे. सून असावी तर भरतची, असं म्हणतात. कौतुकाचं एक वाईट असतं, ते झालं की कुरकुरायची सोय राहत नाही. म्हणून वहीत कुरकुरत होते. आणि त्या आठवड्यात बुधवारी, एका सकाळी दोनदा चादर बदलून शाळेला उशीर झाला त्या दिवशी, मी लिहिलं: ‘आज आईंचं करता करता वाटलं, सुटाव्यात आता. त्याही आणि मीही.’

लिहिलं आणि वही मिटली. शिट्टी झाली. भात उतरवला. वाईट वाटण्याऐवजी त्या संध्याकाळी मला भूक लागली, हेही कबूल करते.

शुक्रवारी सकाळी एका हाताने दूध बघत, दुसऱ्या हाताने वहीच्या पानांचे फोटो काढले. पान उलट, फोटो काढ, पान उलट. तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली, “गो, पानी दे वायसं.” पाणी दिलं, पीडीएफ केली, लिंकवर चढवली. ‘आपला प्रतिसाद नोंदवला गेला आहे.’ सुटले, म्हटलं.

दुपारी चारला केंद्रप्रमुख शरद सरांचा फोन. “वैदेहीताई, तुमच्या फाइलबद्दल जरा बोलायचंय. उद्या शाळा सुटली की ऑफिसला या. फोनवर नको.”

फोनवर नको! मी तिथेच शाळेच्या अंगणात उभी राहून फोनमधली ती पीडीएफ उघडली. पहिल्याच पानावर ‘कंटाळा आला’, तिसऱ्यावर करपलेली डाळ. चौथ्या पानावर ते वाक्य, माझ्या सुवाच्य अक्षरात. फळ्यावर लिहून लिहून अक्षर असं झालंय की चष्म्याशिवायही वाचता यावं.

शरद सर म्हणजे काही परके नव्हेत, तेही कुडपणचे, भरतच्या भावकीतले. त्यांची बायको महिन्यातून एकदा आमच्याकडे येऊन सासूबाईंच्या पायाशी बसते. सर घरी बोलले की बायको बोलणार, ती बोलली की कुडपण बोलणार, आणि कुडपण बोललं की ते फिरून आमच्या खाटेपाशी येणार. नोकरीला काही होणार नव्हतं. पण भरतला कळलं तर? जिच्या भरवशावर तो आईला सोडून शिफ्टला जातो, ती तिच्या मरणाची वाट बघते, असं त्याला वाटलं तर? आणि आईंना कळलं तर मी उद्यापासून त्यांना कुठल्या तोंडाने उचलणार?

घरी गेले आणि चोराच्या मनात चांदणं तसं झालं. चहात दूध जास्त घातलं. न सांगता पायाला तेल लावलं. आवडते म्हणून कुळथाची पिठी केली. खाटेशी बसून रानातल्या भाज्यांची चौकशी केली, जी मी लग्नाच्या आठ वर्षांत केली नव्हती. आई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. कुकरच्या तिन्ही शिट्ट्या झाल्या, पण वहीला मी हात लावला नाही.

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि मी स्कूटी थेट ऑफिसला नेली. वाटेत भाषण तयार केलं. सर, ते माझं नाही, एका मैत्रिणीचं आहे. मग वाटलं, मैत्रिणीची सासूही कुडपणचीच कशी? सर, ती कथा आहे. मग करपलेली डाळ? शेवटी ठरवलं, पाय धरायचे.

शरद सर कागदांच्या ढिगामागे बसले होते. “बसा,” म्हणाले. “तुम्हाला फोनवर सांगितलं नाही, म्हटलं उगाच ग्रुपवर चर्चा नको.”

“सर, मी—”

“तुमची फाइल उघडत नाही.”

“काय?”

“उघडतच नाही हो. चढवताना नेटवर्क गेलं असणार मधेच. तीन वेळा बघितलं. बाकी सगळ्यांच्या उघडल्या आणि तुमचीच नाही, म्हणजे वरून विचारणा होणार. फोनवर नीट कळलं नसतं, म्हणून बोलावलं. इथे वायफाय आहे, इथूनच पुन्हा भरा.”

“तुम्ही वाचली नाहीत?”

“उघडली तर वाचणार ना! आणि वाचतंय कोण, ताई? हे बघा.” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. “एक्केचाळीस जणांना एकाच दिवशी, एकाच कारणाने प्रसन्न वाटलंय. अकरा जणांनी तर खाली साहिल सरांचं नावसुद्धा तसंच ठेवलंय.”

माझा जीव भांड्यात पडला. मी सरांना माझ्यादेखत जुनी फाइल काढून टाकायला लावली, दोनदा खात्री केली. दप्तरातली नमुना उतरवलेली वही काढून बेचाळिसावी प्रसन्नता भरली. सर म्हणाले, “छान. झालं काम.” मी इतक्या जोरात थँक्यू म्हटलं की ते दचकलेच.

घरी येईपर्यंत हसू आवरत नव्हतं. हेल्मेटच्या आत एकटीच हसत होते. दार उघडलं, पर्स फेकली आणि खाटेच्या कडेवर बसून हसत सुटले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते थांबेचना.

आई बघत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, “सरलं? आता सांग, काय केलंस?”

“काही नाही, आई.”

“नाय कसं? कालधरनं लय गोड वागतेस. च्या काय, तेल काय, कंटोळी कवा येतात म्हून इचारतेस काय. मी हाडानं मोडले, डोक्यानं नाय.”

मी म्हटलं, शाळेचं काम होतं, वहीत लिहायचं होतं, चुकीची वही गेली.

“त्यात काय लिवलं व्हतंस?”

“असंच. दिवसभराचं.”

“माझं लिवलं व्हतंस.”

हा प्रश्न नव्हता. मला तेव्हा सहज खोटं बोलता आलं असतं. पण काल दुपारपासून मी मनातल्या मनात इतकं खोटं बोलले होते की माझ्याकडे शिल्लकच राहिलं नव्हतं. मी ते वाक्य सांगितलं. जसं होतं तसं, मान खाली घालून. सुटाव्यात आता. त्याही आणि मीही.

आई म्हणाल्या, “एकदाच लिवलंस?”

“हो.”

“मी त रोज म्हनते. पाटं उठले का पयला शब्द तोच. देवा, उचल रं बाबा, ती पोर वाकून वाकून मोडंल. तुझ्यापुढं नाय म्हनत. म्हटलं, तुला वायट वाटंल. एवढं करते आनि म्हातारी मरन मागते, असं वाटंल.”

दोन वर्षं आम्ही दोघी एका खोलीत एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होतो, आणि दोघींनाही वाटत होतं की आपण समोरचीला जपतोय. मी त्यांचा हात धरला. तो मी रोजच धरते, उठवताना, बसवताना. नुसता असा धरला नव्हता.

“मला तसं नको आहे, आई,” मी म्हटलं. “खरंच नको आहे.”

“ठावं हाय गो. तुला झोप हवी हाय. मला काय कळत नाय?” मग म्हणाल्या, “ती वही आन.”

“कशाला?”

“माझं बी लिव. मला कुठं लिवता येतंय.”

मी वही आणली. खाटेशी खाली बसले, पान उलटलं.

“लिव. सून केस इचरते का भात मळते ते कळत नाय.”

मी लिहिलं.

“लिव, आंगुळीचं पानी लय कढत असतं. सांगावं त तिला उशीर व्हतो, म्हून सांगत नाय.”

“आई, अहो, सांगायचं ना!”

“मधी बोलू नको. लिव.” त्यांनी छताकडे बघितलं. “लिव, मला उचलताना सून तोंडातल्या तोंडात हं करते. तवा मला मेल्याहून मेल्यावानी व्हतं. तिला ठावं नाय ती हं करते. तिला सांगू नये.”

माझा पेन थांबला. मला खरंच माहीत नव्हतं. मधे बोलायचं नव्हतं. ‘तिला सांगू नये,’ हेही लिहिलं, आणि खाली पूर्णविराम दिला.

“लिवलंस सगलं?”

“लिहिलं.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि मोठा श्वास सोडला. “छातीवरचं उतरलं. पन थोरल्याला फोन लाव सांजला. त्याला म्हनावं, दिवाळीत म्हैनाभर घेऊन जा आईला. तू नको बोलू, मी बोलते. माझा हाय तो.”

“लावते.”

“आता पड जरा. डोळे बघ कसे झालेत.”

मी खाटेशेजारी सतरंजी टाकली. पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून. भरत पहिली शिफ्ट करून चारच्या सुमाराला आला. त्याने तीन वेळा बेल वाजवली, मग दार ठोठावलं, मग घाबरून खिडकीतून आत बघितलं. खाटेवर आई आणि खाली मी, दोघी तोंडं उघडी टाकून घोरत होतो. तो म्हणतो, उठवायची हिंमत झाली नाही. रखमाकाकींकडे चहा पिऊन तो तासभर पायरीवर बसून राहिला.