दहा हजारांत तिघं

अंबिकाबाईंच्या तोंडाला कुलूप नव्हतं, हे सगळ्या भाईंदर पूर्वेला ठाऊक होतं. केबिन रोडच्या एका गल्लीत, फरसाणाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचं वाचनालय. खिडकीतून तळणाचा वास वर यायचा आणि बाईंचा आवाज खाली जायचा. "काय हो ईश्वरराव, मूळव्याधीचं पुस्तक संपलं की नाही? मागे लोक थांबलेत!" असं त्या भर दुपारी जिन्यातून विचारायच्या. ईश्वररावांनी त्यानंतर कित्येक दिवस त्या गल्लीतून जाणंच सोडलं. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. कोण काय वाचतंय हे लक्षात ठेवणं म्हणजे माया, असं त्यांचं मत. आणि माया खरीच होती, त्याबद्दल कोणी शंका घेऊ नये.

गिरगाव सोडून त्या इकडे राहायला आल्या तेव्हापासून वाचनालय त्यांच्याच हातात होतं. संदर्भग्रंथांचं कपाट तोंडपाठ. वाचकाचा प्रश्न अर्धा झाला न झाला तोच त्या उठून पुस्तक काढून त्याच्या पुढ्यात टाकायच्या. त्यामुळे २००७ साली अध्यक्ष जयकुमारभाईंनी वाचनालयाला कॉम्प्युटर आणि नेट देऊ केलं, तेव्हा बाई भडकल्याच.

"अंबिकाबेन, आता कोणी काय पण विचारलं तरी एक मिनिटात जवाब!"

"मग इतकी वर्षं मी काय माशा मारत होते? माझं डोकं भंगारात काढायचं असेल तर सरळ सांगा."

जयकुमारभाई हसले आणि त्यांना ठाण्याच्या दोन दिवसांच्या शिबिराला धाडून मोकळे झाले.

शिबिरात शिकवायला नीलम नावाची मुलगी होती, बाईंच्या निम्म्या वयाची. ती म्हणाली, "वाचक जे विचारतो तेच त्याला हवं असतं असं नाही. उत्तर शोधण्याआधी त्याला बोलतं करा." बाईंनी नाक मुरडलं, पण लक्षात ठेवलं. मग ती म्हणाली, "नेटवर पान उघडलं की आधी बघा, ते कोणी लिहिलंय आणि त्याला काही विकायचंय का." हे बाईंना तिथल्या तिथे पटलं, बाजारात मासळी पारखून घेणाऱ्या बाईला ते वेगळं शिकवावं लागत नाही. "आणि आपल्याकडे नसेल तर कुठे मिळेल ते सांगा. तीही संदर्भसेवाच." दुसऱ्या दिवशी जेवणात श्रीखंड-पुरी होती. जेवणानंतर नीलमने सांगितलं, की वाचकाने काय विचारलं ते आपल्यापाशीच राहायला हवं, कॉम्प्युटरवरसुद्धा त्याची खूण राहता कामा नये, आणि ती कशी पुसायची तेही दाखवलं. त्या वेळी बाई मान छातीवर टेकवून गाढ झोपल्या होत्या.

काही दिवसांनी, दुपारच्या सामसूम वेळी पंढरीनाथ आला. रुळांपलीकडच्या जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातला, स्वतःच्या होडीचा मालक, खांदे दारात न मावणारे. बाई त्याला ओळखत होत्या, कारण त्याची थोरली बहीण हौसाबाई ही त्यांची ठरलेली मासळीवाली. अलीकडे हौसाबाईंची बाजारातली जागा रिकामी असायची. दोन्ही किडन्या गेल्या, डायलिसिस चालू आहे, एवढं बाईंच्या कानावर आलं होतं.

वाचनालयात दुसरं कोणी नाही हे बघून तो टेबलापाशी आला. "किडनीवर काय पुस्तक हाय का?"

बाईंचा हात सवयीने आरोग्यकोशाकडे गेला. मग त्यांना नीलम आठवली. हात मागे घेऊन त्या म्हणाल्या, "आधी बसा. किडनीचं नेमकं काय हवंय?"

"आक्काला माझी देनार हाय. टेस्ट झाल्या, जमतेय."

"बरं."

पुढे बाई काही बोलल्या नाहीत. गप्प बसणं त्यांना भारी जड जात होतं, पण त्याचा उपयोग झाला.

"एका किडनीवर जालं वडता येतं का मानसाला?" त्याने विचारलं. मग जमिनीकडे बघून, "आनि देनारा मरतो का कंदी?"

"डॉक्टरांना नाही विचारलंत?"

"तितं आक्का बाजूला बसलेली असते."

बाईंनी कॉम्प्युटर चालू केला आणि एका बोटाने, मनात आलं तसंच इंग्रजीत टाइप केलं: किडनी देणारा, मासेमारीचं जाळं ओढणं. मग दुसरं: किडनी देणारा, मृत्यू. पहिल्या पानावर कसलीशी पावडर विकायला ठेवलेली, दुसऱ्यावर परदेशातल्या इस्पितळाचं पॅकेज. "हा धंदा मांडून बसलाय," असं म्हणत बाईंनी दोन्ही बंद केली. शोधता शोधता किडनीच्या डॉक्टरांच्या एका संघटनेचं पान मिळालं. खाली लिहिणाऱ्यांची नावं होती, साल होतं, विकायला काही नव्हतं. बाई एकेक ओळ मराठीत सांगू लागल्या. उरलेली किडनी आपलं काम वाढवून घेते. बहुतेक देणारे काही आठवड्यांत कामाला लागतात. सुरुवातीला जड ओढणं-उचलणं बंद, पुढे डॉक्टर सांगतील तसं. तपासणी मात्र जन्मभर. मग ती ओळ आली. बाई अडखळल्या, पण त्यांनी ती गाळली नाही. ऑपरेशनमुळे देणारा दगावण्याचं प्रमाण, दहा हजारांत तीन.

"दहा हजारांत तिघं," तो म्हणाला. "म्हंजी हायेत."

"आहेत."

'तुम्हाला काही होणार नाही हो' हे वाक्य बाईंच्या जिभेवर आलं होतं. पण तसं पानावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

पंढरीनाथ उठला. "आक्काला कलता नये. ती आधीच नको नको बोलतेय. मी भितो हे कललं, तर मेली तरी घेनार न्हाय."

"नाही कळणार," बाई म्हणाल्या. त्याने त्यांच्या तोंडाकडे जरा संशयानेच पाहिलं. त्यात त्याची काही चूक नव्हती.

त्या दिवशी घरी नवऱ्याने विचारलं, "आज काय विशेष?" बाई "काही नाही" म्हणाल्या. नवऱ्याने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्याच दिवशी समिधा आली. हौसाबाईंची मुलगी, बी.कॉम.ला होती. "मॅडम, नेट वापरू? आईच्या पथ्याचं बघायचंय. कुठली मासळी चालते, कुठली नाही." बाईंनी आनंदाने तिला कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि त्या पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायला लागल्या.

"मॅडम, हे कोणी शोधलं?"

बाई उठून बघायला गेल्या. समिधाने किडनी या शब्दाची पहिली अक्षरं टाइप केली होती, आणि त्या पट्टीखाली कालचे शब्द आपणहून उतरले होते. किडनी देणारा, मासेमारीचं जाळं ओढणं. त्याच्याखाली, किडनी देणारा, मृत्यू. हा मेला कॉम्प्युटरही त्यांच्यासारखाच निघाला होता. त्याच्याही पोटात काही राहत नव्हतं.

"ते मला सांगता येणार नाही."

"मामा आला होता ना?"

"समिधा, इथे कोण काय विचारतं ते मी कोणाला सांगत नसते."

हे वाक्य ऐकून भाईंदरात कोणीही खो खो हसलं असतं. समिधा हसली नाही. "आई आधीच हो म्हणत नाहीये, मॅडम. किती दिवस झाले, आम्ही तिच्या मागे लागलोय. आणि आता मामाच घाबरतोय." पथ्याचं न बघताच ती निघून गेली.

बाईंनी ठाण्याला फोन लावला आणि नीलमवर आधी तोफ डागली. "हे असलं काही राहतं म्हणून सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं, बाई. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर."

बाईंचा आवाज एकदम खाली आला. नीलमने फोनवरून एकेक पायरी सांगितली, बाईंनी सगळं पुसलं. पण हे वरातीमागून घोडं. मग त्या खुर्चीत बसून खरंच रडल्या. ज्या बाईने वर्षानुवर्षं आपल्याला ताजी मासळी निवडून दिली, ती आता आपल्यामुळे नको म्हणणार आणि मरणार, हे त्यांच्या मनातून जाईना.

दोन दिवसांनी जिन्यात पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दारात हौसाबाई उभ्या होत्या. चेहरा सुजलेला, श्वास लागलेला. बाईंनी धावत जाऊन खुर्ची दिली आणि पाण्यासाठी वळल्या.

"पानी नको, बाय. मना मोजून मिलतं." थोडा दम खाऊन त्यांनी विचारलं, "समिधा बोलली मना. पंढरी आलता?"

बाई गप्प.

"नको बोलू. तू गप बसलीस म्हंजी आलता. नसता आला तर तू जिन्यातच बोलली असतीस."

बाईंना रागही आला आणि हसूही आलं. पण समोर बसलेली बाई वाचनालयात पहिल्यांदाच आली होती, आणि काहीतरी विचारायला आली होती. त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या. "हौसाबाई, तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"त्यानं काय वाचलं ते मना वाच."

"कोणी काय वाचलं ते मी सांगणार नाही. किडनी देणाऱ्याचं काय होतं ते हवं असेल, तर वाचून दाखवते."

"तेच वाच. एक पन गोष्ट गालू नको."

बाईंनी ते पान पुन्हा शोधलं आणि पहिल्यापासून वाचलं. जाळ्याचं सांगितलं, तपासण्यांचं सांगितलं. दहा हजारांत तिघं हेही सांगितलं. हौसाबाईंनी मान वर केली.

"हे त्याला ठाव हाय?"

बाई पुन्हा गप्प. ओठ इतके घट्ट मिटलेले, की दुखायला लागले.

"ठाव हाय," हौसाबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मना वाटलं, येडा हाय. हसत हसत बोलला, घे गो आक्का, दोन हायेत माझ्याकडं. पाटीतला बोंबील उचलून द्यावा तसा. त्याला कायच ठाव न्हाय आनि मी घ्याचं? लहान पोराच्या हातातलं काढून घेतल्यावानी झालं असतं ते. म्हनून नको बोलत व्हते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता इचारून गेला, भिऊन गेला, तरी घरी येऊन 'देत न्हाय' बोलला न्हाय. काल पन बोलला, कंदी जायाचं आक्का? मंग ते खरं देनं झालं. आता घेते मी."

बाईंनी त्यांचा हात धरला. डायलिसिसच्या सुयांनी तो टोचून टोचून काळानिळा झाला होता.

"पंढरीला सांगू नको मी आलते," उठताना हौसाबाई म्हणाल्या. "त्याला वाटू दे, मना त्याची भीती ठाव न्हाय."

बाईंनी त्यांना धरून जिना उतरवला, रिक्षात बसवलं आणि वर येऊन सर्वात आधी कॉम्प्युटर पुसला.

आठवडा गेला आणि पंढरीनाथ पुन्हा तशाच सामसूम दुपारी आला. या खेपेला न सांगताच बसला. "आक्का हो बोलली. तारीख पन मिलाली."

"अरे वा!"

"पन का बोलली? इतके दिस नको नको, आनि एकदम हो. मी इचारलं तर बोलली, कंटाला आला डायलिसिसचा. ते खरं वाटत न्हाय." त्याने बाईंकडे रोखून पाहिलं. "तुमी काय बोलल्यात?"

"मी कोणाला काही बोललेले नाही," बाई म्हणाल्या, आणि या खेपेला ते अक्षरशः खरं होतं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना शब्दान्‌शब्द ठाऊक होतं. सांगितलं असतं, तर या एवढ्या दांडग्या माणसाच्या छातीवरचं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. तो मनातल्या मनात जी भीती लपवून बसला होता, तिच्यामुळेच त्याच्या बहिणीने हो म्हटलं होतं. एवढं गोड उत्तर बाईंनी उभ्या आयुष्यात कुठल्या वाचकाला दिलं नव्हतं. ते द्यावंसं त्यांना फार वाटलं. पण ते उत्तर त्यांचं नव्हतं.

"पंढरीनाथ, हे आमच्याकडे मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "पण कुठे मिळेल ते सांगते. हौसाबाईंकडेच मिळेल. सरळ जाऊन विचारा."

"इचारलं की. कंटाला आला बोलली."

"तेवढ्यावर उठून येऊ नका. बसून राहा. आधी तुमच्या मनातलं सांगा, मग गप्प बसा. बाकीचं त्या सांगतील."

तो उठून जिना उतरला. बाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं. तो रेल्वेच्या पुलाकडे, घरच्या वाटेला लागला होता आणि झपाझप चालत होता.