रोज की आठवड्याला

विशाखानं फ्रिजमधून इंजेक्शनचं पेन काढलं, थोडा वेळ तळहातात धरून त्याचा गारवा घालवला आणि सार्थकच्या मांडीवर कालच्यापेक्षा जरा बाजूची जागा शोधली. नऊ वर्षांच्या सार्थकची उंची वाढावी म्हणून हे रोज जेवणाआधी चालायचं.

"आई गं," तो कण्हला. तिनं मान वळवली आणि ओठातल्या ओठात दहापर्यंत मोजून सुई बाहेर काढली.

आता आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शनही मिळत होतं. गुण दोन्हीचा साधारण सारखाच, घरात बोला आणि कळवा, असं उस्मानपुऱ्यातले डॉक्टर म्हणाले होते. त्यांनीच काय ते ठरवून टाकलं असतं, तर विशाखाला बरं वाटलं असतं.

"रोजचंच ठेव," शिवराज टीव्हीचा आवाज कमी करत म्हणाला. "आठवड्याचं एक विसरलं की गेला आठवडा."

"विसरायला ते काय तुमच्या गाडीचं पीयूसी आहे? सहा दिवस तरी सुटेल पोरगा. मी ऐकते ना रोज त्याचं."

सार्थक चड्डी सारखी करत होता. "एवढं नाय दुखत."

"मग आत्ता कण्हलास कशाला?"

"तुझ्यासाठी." तो बापाकडं बघून हसला. "मागं एकदा गप्प बसलो, तर पेन हलवून हलवून बघत होतीस. औषध गेलं का नाय, गेलं का नाय. जेवलीपण नाहीस."

सुई डब्यात टाकायची राहून गेली. खरंच दुखत नव्हतं? की हेही तिला बरं वाटावं म्हणूनच सांगत होता?

"म्हणजे रोजचं चालेल तुला?"

"नको. आठवड्याचंच घे."

"दुखत नाही म्हणतोस, मग का?"

"दिवे लागले, इंजेक्शनची वेळ आली की तू लई गप्प होतेस," तो म्हणाला. "पप्पांना विचार."

शिवराजनं टीव्ही बंद केला.

विशाखानं फोन घेतला. डॉक्टरांना 'आठवड्याचं चालेल' असं लिहिलं. कारण द्यायला हवं असं वाटून पुढं लिहिलं, 'मुलाला रोज फार त्रास होतो.'

ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग त्यातलं 'मुलाला' तेवढं पुसलं.