दहावी ओळ

“डावा डोळा झाका. दहावी ओळ,” नर्स म्हणाली आणि तिनं छडी तक्त्याच्या तळाशी टेकवली.

अनारकुलनं डोळा झाकला आणि दहावी ओळ घडाघडा म्हणून टाकली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बिश्केकमध्ये शाळा शिकलेल्या कुणालाही तो तक्ता नवा नाही. तीच रशियन अक्षरं, त्याच क्रमानं, आजोबांच्या काळापासून. अनारकुलला तर तो पाढ्यांसारखा पाठ होता. गेली तीन वर्षं त्या ओळीच्या जागी तिला नुसत्या मुंग्या दिसत होत्या.

डॉक्टर मुसाबेक यांनी मानही वर केली नाही. क्रेनवाल्यांची वर्षाची तपासणी त्यांच्याकडेच असे. “पन्नाशीला आलात तरी घारीची नजर! चढा बिनघोर,” म्हणत त्यांनी ठप्पा शाईत दाबला.

“मारू नका,” अनारकुल म्हणाली.

“काय मारू नको?”

“ठप्पा. मला काही दिसत नाही, डॉक्टर. पाठ होतं ते म्हणून दाखवलं.”

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. “आणि मागच्या वर्षी?”

“तेव्हाही तसंच. त्याच्या आदल्या वर्षीही.”

“मग आजच बरं सत्य आठवलं! अहो, इथं सगळेच पाठ म्हणतात. मला का गोत्यात आणता?”

“सगळ्यांच्या हातात तीन टनांचा स्लॅब नसतो,” ती म्हणाली आणि स्वतःच खुर्चीवरून उठली.

अनारकुल मानी बाई होती, आणि का नसावी? चोवीस वर्षं ती क्रेनवर होती. पंचविशीत डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा होता, आणि चष्मेवालीला क्रेनवर कोण चढवतो! तिनं लग्नातला गालिचा विकला, अल्माटीला जाऊन लेझर करून घेतलं. सासू महिनाभर बोलली नाही. पण शहराच्या दक्षिणेला उभ्या राहिलेल्या उंच इमारतींपैकी निम्म्या तिच्या हातून वर गेल्या, आणि कुणाला साधं खरचटलं नाही. गवंडी म्हणत, एजेनं स्लॅब उतरवला तर शेजारच्या वाटीतला चहा हलत नाही. एजे म्हणजे मोठी बहीण. कामावर सगळे तिला तेच म्हणत.

त्यातही कुबातचा विश्वास म्हणजे कळसच. खाली उभं राहून ओझ्याला साखळ्या लावायच्या, काढायच्या, हे त्याचं काम. अकरा वर्षं तो तिच्याबरोबर होता. ओझं उतरत असताना तो मान वर करतच नसे. नुसत्या हातानं खुणा करायचा आणि शेजारच्याशी गप्पा हाणायचा. नवी पोरं घाबरली की म्हणायचा, “अरे, वर एजे आहे.”

मागच्या मंगळवारी त्याच कुबातनं मूठ वर केली. मूठ म्हणजे थांब. अनारकुलला मूठ दिसली नाही, नुसतं त्याचं पिवळं जाकीट दिसलं. ती स्लॅब सोडत राहिली. कुणीतरी वॉकीटॉकीवर किंचाळलं तेव्हा तिनं तो थांबवला. कुबात बाजूला पडला होता, आणि स्लॅब त्याच्या उभं राहायच्या जागेवर डोक्याएवढ्या उंचीवर लटकत होता.

कुबात उठला, गुडघे झटकले आणि मुकादमाला म्हणाला, “एजेच्या डोळ्यांवर ऊन आलं.”

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. तिला शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

“खाली उतर आता, म्हातारे,” घरी चहा ओतता ओतता नवरा म्हणाला. ओरोझ बसगाड्या दुरुस्त करायचा आणि कशाचीच घाई करायचा नाही. “पुष्कळ झालं. मानानं उतर.”

“माणूस मारता मारता राहिले, आणि मानानं उतरू? उतरेन तेव्हा नीट बघून उतरेन.”

“या वयात पुन्हा लेझर! लोक हसतील.”

“हसू देत. मला त्यांचे दात दिसले पाहिजेत, एवढंच.”

ओरोझनं तळलेल्या पिठाचा एक बोरसोक चहात बुडवून तोंडात टाकला.

डोळ्यांची डॉक्टर एल्नुरा तिच्या मुलीच्या वयाची होती. तिनं मापं घेतली. “बुबुळावरचा पडदा पातळ झालाय, एजे. अजून एकदाच होईल, तिसऱ्यांदा नाही. आणि आत्ता तुम्हाला जवळचं चष्म्याशिवाय दिसतं ना? ते जाईल. वयच तसं आहे. हवं तर एक डोळा दूरचा ठेवू, एक जवळचा.”

“अंतराचा अंदाज चुकेल त्यानं?”

“थोडाफार.”

“मग दोन्ही दूरचे.”

“विचार करा. रोजचं बरंचसं आयुष्य हाताच्या अंतरावर असतं.”

“माझं चाळीस मीटरवर आहे, पोरी.”

बोलायला बोलली, पण लेझरच्या आदल्या संध्याकाळी तिनं पाच आठवड्यांच्या नातीला नाकाशी धरलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही. पापण्या मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या. कपाळावरची लव दिसत होती. असं उघड्या डोळ्यांनी पुन्हा दिसणार नव्हतं, आणि तिला रडू आलं. मुलीनं विचारलं तेव्हा तिनं कांद्यावर ढकललं.

लेझर दहा मिनिटांत आटोपलं. केस जळल्यासारखा वास तेवढा आला.

सहा आठवड्यांनी ती मुसाबेकांसमोर बसली. “कुठूनही विचारा. उलटं, सुलटं, मधलंच,” ती म्हणाली. त्यांनी छडी नर्सच्या हातातून घेतली आणि सूड उगवल्यासारखी तक्ताभर नाचवली. ती प्रत्येक अक्षर सांगत गेली. शेवटी ठप्पा पडला. “सही करा,” डॉक्टर म्हणाले, आणि तिला कागदावर रेघच सापडेना. तिनं नवा चष्मा काढून नाकावर चढवला, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी ती शिडी चढली. खिडकीतून पर्वतांवरचा बर्फ लखलखीत दिसत होता, पण ती खाली बघत होती. पहिलाच स्लॅब. कुबातनं साखळ्या लावल्या, मग तो नव्या मजल्यावर चढला आणि त्यानं उतरवायची खूण केली.

आणि तिला दिसलं, की कुबात वर बघतोय. डोळे मिचकावत, एकटक. नेहमीच्या जागेपासून चांगला चार पावलं मागे उभा आहे, आणि एक पाय पळायच्या तयारीत आहे.

जुन्या डोळ्यांना हे दिसलं नसतं. तिला त्याचा राग आला नाही. चूक तिची होती, भीती त्याच्या वाट्याला आली होती.

तिनं स्लॅब गुडघ्याच्या उंचीवर आणून थांबवला. वारा होता, तरी ओझं बोटभर हललं नाही. मुकादम वॉकीटॉकीवर ओरडला, “एजे, काय झालं? सोडा की!”

“तो येईल,” ती म्हणाली.

तिनं दांड्यावरचा हात तसाच ठेवला. कुबात बघत राहिला. मग एक पाऊल पुढे आला, मग तीन. त्यानं स्लॅबवर तळवा टेकवला आणि मान खाली घालून, न बघता, दुसऱ्या हातानं खूण केली. तिनं स्लॅब खाली ठेवला.