बोटभर कललेली भिंत

जपाच्या अकरा माळा झाल्याशिवाय मी कोणाशी बोलत नाही. सव्वीस वर्षांचा नेम आहे. त्या दिवशीही गाडीत खिडकीशी माळ ओढत बसले होते. समोर हेही गप्प होते, पण ते काही नेमापायी नव्हे.

चाळीस वर्षं गवंडीकाम केलं ह्यांनी. तीन महिन्यांपूर्वी शाळेची भिंत ओळंब्यातून बोटभर बाहेर गेली. स्वतःच्या हाताने पाडली, थापी-ओळंबा पोत्यात बांधला आणि म्हणाले, "हात गेला माझा." ठेकेदार भला माणूस, काम तसंच थांबवून ठेवलं त्याने. पण आता त्याचाही इलाज नव्हता. उद्या सकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर दुसरा गवंडी बघतो, असा निरोप होता.

म्हणून ह्यांना एक जुनी दगडी वेस दाखवायला नणंदेने परस्पर तिकिटं काढली होती.

"इकडे दादा मुका, तिकडे वहिनी मुकी," ती म्हणाली. "मी काय पंख्याशी बोलू?"

हे हसले नाहीत.

स्टेशनापासून थोडं चालल्यावर ती वेस दिसली आणि माझ्या बोटांतला मणी जागीच थांबला. दोन हजार वर्षांची, म्हणे. चुना नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड, आणि वर एवढं आभाळ तोलून धरलेलं. देवळात जावं तसं मी नकळत चपला काढून उभी राहिले. हे मात्र सरळ भिंतीपाशी गेले आणि अंगठ्याचं नख सांध्यातून फिरवू लागले.

"ओ, हात लावू नका!" राखणदार ओरडला.

"अहो, गवंडी आहे तो," नणंद म्हणाली. "नाडी बघतोय. पैसे नाही घेणार."

राखणदाराला हसू आलं. मग ह्यांनी मागे वळून माझ्याकडे हात पुढे केला.

"माळ दे जरा."

नववी माळ चालू होती. माळ पुरी झाल्याशिवाय ती मी कधी हातातून सोडलेली नाही, तापात फणफणले असतानाही नाही. पण तीन महिन्यांत ह्यांनी प्रथमच काहीतरी मागितलं होतं. मी माळ दिली.

ह्यांनी मेरुमण्याला घराची किल्ली बांधली, माळ ओळंब्यासारखी छातीच्या उंचीवर दगडाला टेकवून धरली आणि श्वास रोखून उभे राहिले. किल्ली डुलली, थांबली. खाली दगडापासून बोटभर लांब.

"कललीय," हे पुटपुटले. मग टाचा उंचावून माळ वरच्या थराला लावली. तिथे किल्ली दगडाला चिकटून राहिली. दोन्ही थरांच्या मधे नखाएवढी पातळ दगडी कपची बसवलेली होती.

"बघ. इथे कळलं बांधणाऱ्याला." हे माझ्याकडे वळले. "बोटभर गेली होती त्याचीही. पाडली नाही त्याने. इथून सावरून घेतली."

त्या कपचीवर ह्यांनी बोट ठेवलं. कोण होता, कुठला होता, कोणाला ठाऊक! पण एका सकाळी त्यालाही वाटलं असेल, हात गेला माझा. त्या चुकलेल्या थरावर त्याने एवढा डोंगर चढवला आणि तो अजून उभा आहे. माझे हात आपोआप जोडले गेले. देवाला की त्या गवंड्याला, ते मला अजून सांगता येत नाही.

माळ परत देताना हे ओशाळले. "तुझा जप मोडला."

मी मानेनेच नाही म्हटलं.

परतीच्या गाडीत नववी माळ पहिल्या मण्यापासून धरली. तीन-चार मणी झाले असतील, तोच हे म्हणाले, "माझं पोतं कुठे ठेवलंयस गं?"

नणंदेने मला कोपराने ढोसलं. मी मणी बोटात धरून ठेवला आणि बोलले.

"खाटेखाली. ओळंबा वरच ठेवलाय. रोज पुसते मी."